शेलारांचं शेवटचं रीळ

केडगावची माणसं यायच्या आदल्या दिवशी साळूबाईनं आनंदरावांना भैरोबाची शपथ घातली. शपथ साधी होती. पाहुण्यांसमोर केशव शेलारांचं नाव काढायचं नाही.

"आन् त्यांनीच काढलं तर?" आनंदरावांनी विचारलं.

"तर खोकला आल्यासारखं करायचं आन् भाईर जायचं."

"आगं, पर..."

"पर न्हाई आन् बिर न्हाई. दोन स्थळं घालवलीत तुमच्या त्या शेलारांनी. पोरगी तेविसात हाय. आता हे तिसरं गेलं तर तुमी आन् तुमचा शेलार दोघं बसा देव्हाऱ्यात, मी चालले माहेरी."

यात एक शब्द खोटा नव्हता. केशव शेलार हा नट जाऊन सहा वर्षं झाली होती, पण न्हावऱ्यातल्या या घरात तो रोज जेवायला असल्यासारखा होता. त्याचा हार घातलेला फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी होता. काळ्यापांढऱ्या चित्रपटांत तो नायक होता, रंगीत आले तसा बाप झाला, आणि शेवटी शेवटी आजोबा होऊन नातवंडांबरोबर नाचला. महाराष्ट्रानं त्याच्यावर प्रेम केलं, हे कबूल. पण आनंदरावांसारखं कुणी केलं नसेल. मुलगी दाखवताना इतर बाप मुलाची नोकरी विचारतात, जमीन विचारतात, सुपारी-तंबाखूचं विचारतात. आनंदराव ते सगळं परस्पर काढत आणि समोर बसलेल्या मुलाला एकच प्रश्न टाकत, "केशव शेलारांचं सगळ्यात भारी काम कुठलं?"

पहिला मुलगा पारगावचा, इंजिनिअर. तो म्हणाला, "कोण शेलार?" आनंदरावांनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. साळूबाईनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यानंतर चार दिवस नवऱ्याला नुसती भाकरी आणि ठेचा वाढला होता. दुसरा दौंडचा, रेल्वेतला. त्यानं बिचाऱ्यानं उत्तर तरी दिलं. आजोबा होऊन नाचलेलं ते काम आवडतं म्हणाला. आनंदराव त्याला जीपपर्यंत सोडायला गेले, गोड बोलले, आणि परत येऊन म्हणाले, "मानूस वरवरचा हाय. पोरगी द्यायची न्हाई."

बरोबर उत्तर एकच होतं. 'कवठ्याचा कारभारी', शेवटचा प्रसंग.

हा प्रसंग घरातल्या म्हशींनासुद्धा पाठ असेल. आनंदरावांनी तो त्यांची पोरगी तेजश्री जन्मली त्या वर्षी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. मुलीची सासरला निघालेली बैलगाडी वेशीतून बाहेर पडते, वळणावर दिसेनाशी होते. कारभारी झालेले शेलार तिच्याकडं बघत उभे असतात. मग डोक्यावरचा फेटा काढतात, वेशीजवळच्या दगडावर बसतात, फेटा मांडीवर ठेवतात आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहतात. संपलं. तंबूतले दिवे लागले. "एक शब्द न्हाई," आनंदराव सांगत. "नुसतं बसतो. आरं, बसनं काय आसतं ते त्या मानसानं दाखवलं." हे ते गावातल्या प्रत्येक लग्नात, नवरी गाडीत बसताना सांगत. त्यामुळं रडून रडून शांत झालेली वधूकडची माणसं पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

साळूबाई त्या रात्री तंबूत होती, पण तिनं तो प्रसंग पाहिला नव्हता. मांडीवरची तेजू ऐन शेवटाला रडायला लागली म्हणून ती तिला घेऊन बाहेर गेली होती. त्यामुळं तिच्या वाट्याला शेलार कमी आणि नवऱ्यानं सांगितलेले शेलार जास्त आले होते.

हे तिसरं स्थळ मात्र तिला हवं होतं. तिला हवं होतं, कारण तेजूला हवं होतं. तसं तेजू तोंडानं काही बोलली नव्हती. पण मैत्रिणीच्या लग्नात शिरूरला केडगावचा विश्वजीत तिला भेटला, त्यानंतर ती दोनदा एसटीडी बूथवर जाऊन आली, आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, जन्मात पुरणाला हात न लावलेली पोरगी पाटावर बसून पोळ्या लाटत होती. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं पाहिल्यावर आईला आणखी काय सांगायला लागतं? ही सुपारी फुटलीच पाहिजे, असं साळूबाईनं चुलीपाशी बसून ठरवून टाकलं.

पाहुणे दुपारी जेवायच्या वेळेला जीपमधून उतरले. तिघंच होते. विश्वजीत कुरकुंभच्या कंपनीत सुपरवायझर, उंच, अंगात नवा शर्ट, खांद्याला बॅग. त्याची आई सोजरबाई, बोलायला गोड पण नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. आणि तिचे भाऊ भैरूमामा, निमोण्याचे. विश्वजीतचा बाप तो लहान असतानाच गेला, मामांनीच त्याला मोठं केलं, तेव्हा त्या घरात मामा बोलतील ते शेवटचं.

बैठक झकास सुरू झाली. कांद्याचा भाव झाला, उसाची तोड झाली. आनंदरावांची थोरली बहीण अनसाबाई मिसरी लावत कोपऱ्यात बसली होती. तिनं सोजरबाईच्या माहेरची एक लांबची चुलती ओळखीची काढली आणि दोघी तिच्याविषयी वाईट बोलून मैत्रिणी झाल्या. आनंदराव मधूनमधून खोकत होते. शेलारांचं नाव कुणी काढलंच नव्हतं, पण सराव असलेला बरा म्हणून.

मधोमध ताट ठेवलं होतं. ताटात नारळ, हळदकुंकू, विडा, सुपारी आणि अडकित्ता. दोन्ही घरच्या माणसांसमोर सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग कुणी कुणाच्या तोंडाला काळं फासलं तरी मागं फिरायचं नाही. सुपारी फुटेपर्यंत मात्र कुणीही, कशावरूनही, चप्पल घालून चालू पडू शकतं. साळूबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्या सुपारीवर डोळा ठेवून होती.

आनंदरावांनी अडकित्त्याकडं हात नेला, तेवढ्यात विश्वजीतनं बॅगेतून एक रंगीत कागदात गुंडाळलेली वस्तू काढली.

"तुमच्यासाठी आणलंय," तो लाजत म्हणाला. "पुण्यात लक्ष्मी रोडला शोधून शोधून मिळाली."

आनंदरावांनी कागद सोडला. आत व्हिडिओ कॅसेट होती. वर फेटा बांधलेले, मिशीवर हात ठेवलेले केशव शेलार. खाली लाल अक्षरांत 'कवठ्याचा कारभारी'.

साळूबाईनं मागं वळून तेजूकडं पाहिलं. तेजू आमटीच्या पातेल्यात इतकं लक्ष घालून बघत होती की पेपर कुणी फोडला ते विचारायची गरजच राहिली नाही.

"म्या नाव काढलेलं न्हाई," आनंदराव बायकोकडं बघून म्हणाले. मग विश्वजीतकडं वळून, "पाव्हणं, तुमच्या मतानं शेलारांचं सगळ्यात भारी काम..."

"हेच. कारभारी. शेवटचा सीन."

आनंदरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जावईबापू," ते म्हणाले. सुपारी फुटायच्या आधीच म्हणाले. त्यांनी अडकित्ता उचलला, सुपारी त्यात धरली. साळूबाईनं मनातल्या मनात भैरोबाला नारळ बोलला.

"व्हय बाबा," भैरूमामा मान डोलवत म्हणाले, "शेवटचा सीनच. काय हसलाय त्यो मानूस!"

अडकित्ता थांबला.

"काय केलंय म्हनालात?" आनंदरावांनी विचारलं.

"हसलाय. आसा बेंबीपास्नं. पयलं नुसतं पोट हालतं, मग खांदे, मग..." मामा हसून दाखवू लागले. त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि मग एवढा मोठा आवाज निघाला की ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"मामा, तुमची गल्लत व्हतीया," आनंदराव शांतपणानं म्हणाले. ते शांतपणानं बोलायला लागले की पुढं काय होतं, ते साळूबाईला ठाऊक होतं. "शेवटी त्यो हसत न्हाई. बसतो."

"बसलेलाच आसतो आदी. मग उठून हसतो."

"उठत न्हाई!"

"आवो, आमच्या निमोण्याच्या जत्रंत बघितलाय म्या. गाडी येती, बायको उतरती त्याची, माहेरास्नं आल्याली, आन् त्यो हसतो."

"कारभाऱ्याची बायको?" आनंदरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "कारभाऱ्याची बायको पयल्या रिळात पटकीनं मरती! मेल्याली बायको गाडीतनं कशी उतरंल?"

मामा जरा चाचरले. "मग दुसरी केली आसंल."

"दुसरी? कारभारी दुसरी करंल? आवो, तुमी शेलारांना काय समजलात?"

"आनंदा खरं बोलतोय," अनसाबाई म्हणाली. भावाची बाजू घेणं हा तिचा जुना धंदा होता. "मला बी त्यानं हजार डाव सांगितलंय. बसतोच."

"सांगितलेलं येगळं आन् बघितलेलं येगळं," सोजरबाई म्हणाली. एका मिनिटापूर्वीची मैत्री संपली. "माजा भाऊ खोटं बोलत न्हाई."

"आन् माजा बोलतोय व्हय?"

"जेवायला वाढू का?" साळूबाईनं दारातून विचारलं. कुणी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पुरणपोळीकडं पाहुण्यांनी दुर्लक्ष केलं होतं.

"भांडन कशाला?" विश्वजीत म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण फार शहाणपणाचं बोलतोय. "कॅसेट हाय की. लावून बघू."

व्हीसीपी घरात होताच, तो घेतलाच होता शेलारांसाठी. तीन तास बघायला साळूबाईनं ठाम नकार दिला, म्हणून विश्वजीतनं कॅसेट शेवटाकडं पळवली. कारभारी पडद्यावर तुरुतुरु चालला, त्यानं तुरुतुरु नांगर हाकला, त्याची बायको पटकन मेली. "बघा, मेली का न्हाई?" आनंदराव म्हणाले. मग शेवट आला. विश्वजीतनं बटण दाबलं आणि सगळे पुढं सरकले. तेजूही उंबऱ्यापर्यंत आली.

कोर्ट. कारभारी जमिनीचा खटला जिंकतो. त्याचे दोन मुलगे त्याला खांद्यावर घेतात. गुलाल. कारभारी गावाला पेढे वाटतो. हसत नाही, बसत नाही, कारण दोन्ही हातांत पेढ्यांचं ताट असतं. 'समाप्त'.

बराच वेळ नुसती खरखर चालू राहिली.

"पोरगी कुठं हाय?" आनंदराव म्हणाले.

"त्याला दोन पोरंच हायेत वाटतं," विश्वजीत हळूच म्हणाला.

"मग गाडीतनं सासरला गेली ती कोन?"

"तेच तर! तुमाला तवा काय वाटलं, कुठनं आली पोरगी?" मामांनी विचारलं.

"मला वाटलं मामाकडं शिकायला ठिवली आसंल," आनंदराव म्हणाले. तेवीस वर्षांत त्यांना हे जराही खटकलं नव्हतं. शेलार रडवत असताना हिशेब कोण मागतो?

वास्तविक वाद इथं मिटायला हवा होता, कारण दोघंही सारखेच आपटले होते. पण माणसाचं तसं नसतं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली.

"कापलीया," भैरूमामा म्हणाले.

"कापलीया," आनंदराव म्हणाले. "खरा शेवट कापला आन् कोर्ट चिटकिवलं. डुप्लिकेट कॅसेट हाय."

"विशा, किती दिलंस रं हिला?"

"मामा, ओरिजिनल हाय, वर स्टिकर..."

"स्टिकर कुनी बी लावतंय," मामा म्हणाले. "फसवलं तुला."

"राग मानू नका मामा," आनंदराव आता मामांच्या शेजारी सरकून बसले होते, "पर पोराला पारख न्हाई. आज कॅसेट पारखता यीना. उद्या संसारात दहा गोष्टी पारखाव्या लागत्यात. मला इचार करावा लागंल."

"ते बी बरोबरच हाय तुमचं," मामा भाच्याकडं बघत खेदानं म्हणाले.

विश्वजीतचं तोंड पांढरं पडलं. उंबऱ्यावर तेजूनं पदर तोंडात धरला. दोन्ही घरचे मोठे पुरुष इतके गुण्यागोविंदानं एक झाले होते की लग्न मोडायलाच आले.

सोजरबाई उठली. "इचार करा, निवांत करा. माझ्या पोरानं पगार मोडून पुण्यास्नं भेट आणली, तर त्यालाच डुप्लिकेट ठरवताय? आन् भैरूदादा, तू कुनाकडनं आलायस? चल विशा, चपला घाल."

"खुशाल घाला," अनसाबाई म्हणाली. "चपला हितंच दाराशी हायेत, कुत्र्यानं नेल्या न्हाईत."

"वन्सं, गप बसा!"

साळूबाई बाहेर आली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं नणंदेला गप बस म्हटलं नव्हतं. अनसाबाईचं मिसरीचं बोट दातावरच थांबलं. साळूबाईला स्वतःला काय बोलायचं ते अजून नीट ठाऊक नव्हतं. पण कोर्ट बघितल्यापासून तिच्या डोक्यात एक जुनी गोष्ट वळवळत होती.

"मामा, जरा थांबा. सोजरबाई, तुमी बी बसा घोटभर पानी पिऊन. मामा, मला सांगा, निमोण्यात तंबू कुनाचा व्हता?"

"पांगळ्या शेठचा. न्हावऱ्यात थोरला तंबू, आमच्याकडं त्याचा भाऊ धाकला घेऊन यायचा. पिक्चर एकच. हितनं रीळ संपलं की सायकलीवर डबा आमच्याकडं."

"मग ऐका. तेजू रडती म्हनून मी तवा तंबूच्या मागं गेले व्हते. मशीनपाशी. शेठ मशीनवाल्यावर वरडत व्हता. 'शेवटचा डबा शिरूरास्नं आला न्हाई. दुसऱ्या पिक्चरचा लाव, शेलारच हाय त्यात, लोकं तंबू जाळतील न्हाईतर. आन् निमोण्याला बी त्यातलाच एक दे पाठवून.' मला वाटलं आसंल काय तरी धंद्याचं."

"आगं, मग तेवीस वरसं बोलली का न्हाईस?" आनंदराव ओरडले.

"तुमी बोलू दिलं का? बाहेर आल्यापास्नं तुमी जे सांगत सुटलाय, ते आजून थांबला न्हाईत." ती पुन्हा मामांकडं वळली. "तुमचा शेलार हसायच्या आदी काय करत व्हता?"

"काय करनार? बसला व्हता."

"कशावर?"

"दगडावर. येशीपाशी."

आनंदरावांनी मान वर केली.

"आन् फेटा?"

मामांनी डोकं खाजवलं. "फेटा... मांडीवर व्हता. व्हय, डोकं उघडंच. त्याच्यावरनंच ती बाई वरडती. उन्हाचं आसं उघड्या डोक्यानं बसत्यात व्हय, म्हनून. कडंवर लेकरू हाय तिच्या, तरी ते खाली ठिवून सोता बांधती त्याला फेटा. आन् ह्यो बांधून घीना, नुसता हसतोय, हसतोय."

"हाक काय मारती ती त्याला?"

"हाक?" मामांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. मग डोळे उघडले आणि ते एकदम बारीक आवाजात म्हणाले, "दादा म्हनती. 'आवो दादा' म्हनती."

मग अनसाबाईला हसू फुटलं. "आन् ह्ये म्हनं त्याची बायको! दादा बापाला म्हनत्यात, निमोण्यात नवऱ्याला म्हनत्यात का वो?"

तिच्या मागोमाग हसली ती सोजरबाई, मामांची सख्खी बहीण. हसता हसता ती खालीच बसली आणि तिनं अनसाबाईच्या मांडीवर थाप मारली. मामांचे कान लाल झाले. "मला वाटलं बाळतपन करून माहेरास्नं आली," ते पुटपुटले.

फक्त आनंदराव हसत नव्हते. ते मामांच्या अगदी जवळ सरकले.

"म्हंजी ती आली?"

"कोन?"

"पोरगी. परत आली व्हय ती?"

"आली की. लेकरू घिऊन आली. गाडी थांबायच्या आदी उडी मारली तिनं."

आनंदराव स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. साळूबाईनं नवऱ्याचा राग पाहिला होता, सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यावरचं तोंड पाहिलं होतं, पण हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. आणि मग तिच्या लक्षात आलं. पारगावचा इंजिनिअर, दौंडचा रेल्वेवाला, पोह्यांची काढून घेतलेली बशी. शेलार नुसतं निमित्त होतं. पोरगी गाडीत बसली की आपण त्या दगडावर, एवढंच या माणसाला तेजू तान्ही असल्यापासून ठाऊक होतं. त्याच्या गोष्टीत पुढचं रीळच नव्हतं. तिला त्याची दया आली आणि इतकी वर्षं हे कळलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला.

"तेवीस वरसं म्या त्याला त्या दगडावर बसवून ठिवलाय," आनंदराव म्हणाले.

"आमचं केडगाव काय काशीला न्हाई," सोजरबाई आता मऊ आवाजात म्हणाली. "दिवाळी, पंचमी, जत्रा, कवा बी येईल की ती. आन् न्हाई आली तर ह्यो आनून सोडंल. काय रं विशा?"

विश्वजीतनं इतक्या जोरात मान हलवली की तेजूला उंबऱ्यावर हसू आवरेना.

"मामा," आनंदराव म्हणाले, "पुन्यांदा हसून दावा."

"आता?"

"आता. जसं त्यो हसला तसं."

मामा जरा लाजले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, समोर वळणावर काही दिसल्यासारखं बघितलं, आणि हसले. आधी पोट, मग खांदे. या वेळी ओट्यावर परत येऊन बसलेलं कुत्रंसुद्धा उठून गेलं नाही. आनंदराव डोळे न मिटता बघत होते, आणि मामांचं हसणं संपायच्या आत त्यांनी ताटातला अडकित्ता उचलून सुपारी फोडली.

तिचे दोन तुकडे ताटात पडले. सोजरबाईनं तेजूला बोलावून कुंकू लावलं, साळूबाईनं विश्वजीतला. पेढ्यांचा बॉक्स फुटला. अनसाबाईनं सगळ्यांच्या आधी दोन उचलले आणि केडगावच्या माणसांसारखी माणसं नाहीत, हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो असं जाहीर करून टाकलं.

मग जेवणं. आणि जेवताना, अर्थातच, पुन्हा तेच.

"तरी बी मामा, बसन्याचं काम मोठं. हसतं कुनी बी."

"आवो, बसतं कुनी बी! पोट धरून हसून दावा पडद्यावर!"

"विश्वजीतराव, तुमी सांगा, बसनं का हसनं?"

"मला दोन्ही..."

"दोन्ही नका म्हनू, एक सांगा!"

तेजू पोळ्या वाढत होती. फाटलेली पोळी चुकून विश्वजीतच्या ताटात गेली आणि ती त्यानं तूप न घेता खाल्ली. साळूबाई आमटीचं पातेलं घेऊन आत वळली. वाटी भरायला म्हणून पळी बुडवली आणि तिचा हात तिथंच थांबला. सकाळपासून ती सुपारीवर डोळा लावून बसली होती. सुपारी फुटली पाहिजे, सुपारी फुटली पाहिजे. आता फुटली होती. म्हणजे तेजू जाणार होती. हे तिच्या मनात सकाळपासून एकदाही आलं नव्हतं. या पाटावर उद्या कुणी फाटक्या पोळ्या लाटणार नव्हतं. तिनं पळी सोडली, चुलीसमोर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून जितकं दाबायला गेली, तितका हुंदका मोठा झाला.

"आगं, आमटी..." म्हणत आनंदराव दारात आले आणि थबकले. बाहेर मामा कुणाला तरी हसणं समजावून सांगत होते. आनंदराव उष्ट्या हातानंच आत आले, गुडघ्यावर जोर देत तिच्याशेजारी बसले. त्यांना बायकोची समजूत घालायची सवय नव्हती. आजवर ती वेळ उलटीच येत असे. त्यांनी चुलीतलं एक लाकूड आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं.

"रडू नकं," ते शेवटी म्हणाले. "येती ती परत. भैरूमामांनी सोता बघितलंय."